लोणच्याला वर्षाची अट कोणी घातली?

फ्रिजमध्ये ठेवावं लागतं ते लोणचं नव्हेच, हे मत आपल्याकडे इतकं प्रतिष्ठित होऊन बसलं आहे की त्याला कोणी पुरावाही मागत नाही. गाजर-काकडीचे काप शिरक्याच्या पाण्यात घालून कोणी फ्रिजमध्ये ठेवले, किंवा फ्लॉवर-मटाराला लिंबू-मोहरी लावून डबा भरला आणि भाबडेपणाने त्याला लोणचं म्हटलं, की पंगतीतलं कोणीतरी नाक मुरडतंच. 'छान झालंय हो, पण याला लोणचं नाही म्हणता येणार. कोशिंबीर म्हणा फार तर.' हे बोलणाऱ्याच्या पानातली ती 'कोशिंबीर' तोवर संपलेली असते, हे सोडून देऊ.

या मताला उगाच दुबळं करून मांडण्यात मला रस नाही. त्याचे कैवारी सांगतात ते असं. खरं लोणचं म्हणजे वैशाखातली राजापुरी कैरी, बाठीसकट फोडलेली. फोडी पुसायच्या, मीठ-हळद लावून त्यांचं पाणी काढायचं, त्यांना ऊन दाखवायचं. मसाला घरी कुटायचा. चिनी मातीच्या बरणीला हिंगाची धुरी द्यायची. लोणचं भरून वर तेलाचा थर, तोंडाला दादरा. मग महिनाभर हात लावायचा नाही, आणि पुढच्या वैशाखापर्यंत काळजी करायची नाही. याउलट फ्रिजमधलं लोणचं म्हणजे आळशांची सोय. ते टिकत नाही, मुरत नाही. त्यात तेल नाही, ऊन नाही, कष्ट नाहीत. ते परक्यांचं अनुकरण आहे. शिवाय गार खाल्लेलं बाधतं. एवढं सगळं सांगून झालं की शेवटी आजी काढली जाते. आजीचं नाव निघालं की समोरच्याने मान डोलवायची, असा संकेत आहे.

मी मान डोलवणार नाही.

आधी टिकण्याचं बघू, कारण बाकीचा सगळा डोलारा त्या एका खांबावर उभा आहे. वर्षभर टिकेल तेच लोणचं, ही व्याख्या मराठी स्वयंपाकघरात नेमकी कधी होती? लग्नाच्या पंगतीत पानाच्या डाव्या बाजूला मिठाच्या शेजारी जे कैरीचं लोणचं वाढतात, ते आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी कालवलेलं असतं. बारीक फोडी, मोहरी, तिखट, मीठ, किंचित गूळ, वर हिंगाची फोडणी. ते दोन दिवसांनी कसं लागेल याची आचाऱ्याला फिकीर नसते. मग पंगतीतले चारशे लोक इतकी वर्षं चुकीच्या पदार्थाला लोणचं म्हणत आले काय? पौषात ओल्या हळदीचं लोणचं होतं. हळदीचे काप, आलं, मिरची, लिंबाचा रस. त्याच दिवसांत गाजर, फ्लॉवर, मटार यांचं मिसळीचं लोणचं होतं, आणि ते मटार गोड असेपर्यंतच खायचं असतं. चैत्रात किसलेल्या कैरीचा तक्कू होतो, तो तासाभरात खाण्याजोगा आणि चार दिवसांत संपण्याजोगा. मेथांबा शिजवतात तोसुद्धा आठ-पंधरा दिवसांच्या हिशोबाने. यातलं एकही पुढच्या वर्षाकडे डोळे लावून केलेलं नाही. साठवणीचं लोणचं आणि ताजं लोणचं अशी दोन घराणी आपल्याकडे शेजारी शेजारी नांदत होती. बरणीच्या भक्तांनी त्यातल्या एकालाच वारस ठरवलं आणि दुसऱ्याचं नाव कुळातून काढून टाकलं. फ्रिजमधलं लोणचं हे त्या दुसऱ्या घराण्याचं आहे. फक्त चार दिवसांचं आयुष्य तीन आठवड्यांवर गेलं, एवढाच फरक. हा फरक गुन्हा कसा ठरतो?

बरं, तेल आणि ऊन हीच जर लोणच्याची ओळख म्हणायची, तर गोव्यातल्या चेपणीच्या तोरांचं काय करायचं? कोवळ्या कैऱ्या, मीठ आणि वर वजन. मसाल्याची चिमूट नाही, तेलाचा थेंब नाही. तरी पावसाळ्यात पेजेबरोबर तो तोर चोखून खाणाऱ्याला हे लोणचं नव्हे म्हणून सांगायला जा आणि काय ऐकायला मिळतं ते बघा. लिंबाच्या उपवासाच्या लोणच्यात तेल असतं? मोहरी असते? म्हणजे तेल नसलेलं चालतं, मसाला नसलेलं चालतं, ऊन न दाखवलेलं पंगतीत चालतं. न चालणारी गोष्ट उरली एकच, ती म्हणजे फ्रिज.

आता साठवणीचं लोणचं टिकतं कशामुळे, ते पाहिलं पाहिजे. भक्तांच्या बोलण्यात ते श्रद्धेने टिकतं, हाताच्या गुणाने टिकतं, आजीच्या पुण्याईने टिकतं. प्रत्यक्षात ते मिठाने टिकतं. किलोभर कैरीला पाव किलोच्या आसपास मीठ घालतात. मसाला-तेल धरून तयार लोणच्यात मिठाचं प्रमाण शंभराला पंधराच्या घरात जातं. एवढ्या खारटपणात जंतूंना लागणारं पाणी मीठच बांधून ठेवतं, कैरीची आंबट बाजू त्याला साथ देते, आणि वरचं तेल हवेला अडवतं. तेल स्वतः काही मारत नाही, ते फक्त दार लावतं. मिठाच्या पाण्यातल्या बाजारी लोणच्यात मीठच मुख्य राखणदार असेल तर त्या पाण्यात ते किमान १२ टक्के असावं, असं आपले सरकारी खाद्य-नियमही सांगतात. हे सगळं हुशारीचं शास्त्र आहे, यात शंका नाही. पण ते कोणत्या अडचणीवरचं शास्त्र आहे? घरात थंडावा नव्हता, या अडचणीवरचं. कैरी दोन महिने मिळे, पावसाळ्यात भाजी मिळेनाशी होई, आणि मधल्या काळात तोंडी लावायला काहीतरी उरावं म्हणून एवढं मीठ घालावं लागे. जीभ त्या मिठाची मागणी करत होती म्हणून नव्हे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. साठवणीच्या लोणच्याची दहा-बारा ग्रॅमची एक फोड खारासकट घेतली की त्यातलं दीड-पावणेदोन ग्रॅम तिथेच संपलं. आणि फोडीवर थांबतो कोण? रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाला डॉक्टर पहिल्यांदा लोणचं बंद करायला सांगतात, ते उगाच नाही. फ्रिजमध्ये राखणदारीचं निम्मं काम थंडी करते, म्हणून मीठ शंभराला तीन-चार-पाचवर आणता येतं. चव लागेल एवढं मीठ घालायचं, मढं राखायला लागेल एवढं नव्हे. या सोयीला आळस म्हणणाऱ्यांच्या औषधाच्या डब्यात एकदा डोकावून बघावंसं वाटतं.

इथे कोरियाकडे पाहावं, कारण लोणच्याच्या बाबतीत आपल्याहून कडवी अस्मिता कोणाची असेल तर त्यांची. थंडीच्या तोंडावर सगळं गाव मिळून किमची हे त्यांचं लोणचं घालायचं, याला ते किमजांग म्हणतात. युनेस्कोने ते २०१३ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यांच्या मातीच्या रांजणांना ओंगी म्हणतात. हे रांजण ते गळ्यापर्यंत जमिनीत पुरत. का? तर जमिनीखाली थंडी एकसारखी राहते, किमची गोठतही नाही आणि भराभर आंबतही नाही. मग लोक सदनिकांत राहायला गेले आणि पुरायला जमीन उरली नाही. तेव्हा त्यांनी काय केलं? आमच्या रांजणाचं आता काय होणार म्हणून गळे काढले नाहीत. १९८४ साली गोल्डस्टार कंपनीने खास किमचीचा फ्रिज काढला, आणि १९९५ मध्ये आलेल्या 'दिमचे' नावाच्या फ्रिजने तो घरोघर नेला. नेहमीच्या फ्रिजशेजारी किमचीचा वेगळा फ्रिज असलेली घरं तिथे सर्रास आहेत. फ्रिजमध्ये ठेवली म्हणून ती किमची नव्हे, असं त्यांना कोणी म्हणत नाही, कारण रांजण कशासाठी पुरत होतो हे ते विसरलेले नाहीत. आपण बरणी लक्षात ठेवली आणि बरणी कशासाठी होती ते विसरलो.

'पण मुरलेल्या लोणच्याची चव येते का त्याला?' हा पुढचा प्रश्न नेहमी डोळे मिटून, मान किंचित वर करून विचारला जातो.

मुरणं ही काही समाधी नाही. मीठ फोडीतलं पाणी बाहेर ओढतं, आणि त्या पाण्यात विरघळलेलं मीठ, आंबट, तिखट हळूहळू आत शिरतं. त्याला किती वेळ लागेल, हे फोडीची जाडी आणि सालीचा चिवटपणा ठरवतो. बाठीसकट कैरीच्या फोडीला महिना लागतो, सबंध भोकराला लागतो, लिंबाच्या सालीला तर त्याहून जास्त. पण काकडीच्या पातळ चकतीला ते काम एका रात्रीत होतं, कांद्याच्या कापाला दोन तासांत, किसलेल्या कैरीला पान वाढेपर्यंत. जे रात्रीत मुरतं त्याला महिना का बसवून ठेवायचं? शिस्त लागावी म्हणून?

शिवाय मुरण्यात काही मिळतं तसं बरंच जातंही, हे कोणी बोलत नाही. मोहरी घ्या. मराठी लोणच्याचा प्राण मोहरी आहे, आणि मोहरीचा प्राण तिचा नाकात जाणारा झणका. हा झणका सबंध दाण्यात नसतो. दाणा फुटून त्याला पाणी लागलं की आतल्या दोन गोष्टी एकमेकींना भेटतात आणि तो तयार होतो. म्हणून तर मोहरी फेसतात, आणि फेसणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. पण तो उडून जाणारा आहे. उष्णतेने आणि काळाने तो विरत जातो, थंडीत आणि आंबटात जास्त दिवस राहतो. म्हणजे फेसलेल्या मोहरीचं लोणचं आठव्या दिवशीही टाळूला झिणझिण्या आणणारं हवं असेल, तर त्याची जागा कुठे आहे? माळ्यावरच्या बरणीत, की फ्रिजमध्ये? माघातल्या बरणीतल्या लोणच्याला मोहरीचा कडवटपणा उरतो, झणका नाही. त्याला आपण 'मुरलंय छान' म्हणतो. म्हणायला हरकत नाही. पण त्याच तोंडाने फ्रिजमधल्या लोणच्याला बेचव म्हणायचं, याला धाडस लागतं.

तीच गोष्ट कुरकुरीतपणाची. फ्लॉवर, गाजर, मुळा, काकडी, कोवळी गवार या भाज्यांचं अर्धं सुख दाताखाली असतं. उन्हात ठेवलेल्या बरणीत चार महिन्यांनी फ्लॉवरची जी अवस्था होते, ती चमच्याने खाण्यासारखी असते. म्हणून परंपरेनेही फ्लॉवर वर्षाच्या बरणीत घातला नाही. परंपरेला हे कळत होतं. परंपरेच्या वकिलांना कळत नाही.

तेव्हा एक लोणचं इथेच सांगून टाकते, म्हणजे वाद हवेत राहणार नाही. अर्धा किलो फ्लॉवर, गाजर, मटार. फ्लॉवरचे तुरे उकळत्या मिठाच्या पाण्यात मिनिटभर घालून काढायचे आणि सगळं फडक्यावर पसरून खडखडीत कोरडं करायचं. यात घाई केली की पुढे बुरशीला निमंत्रण. मोहरीची डाळ दोन मोठे चमचे, ती चार-पाच लिंबांच्या रसापैकी थोड्या रसात आणि जरा पाण्यात पांढरी होईस्तोवर फेसायची. पाणी आधी आणि रस नंतर घातलात तर झणका जास्त चढतो, कारण आंबट आधीच लागलं तर तो नीट तयार होत नाही. ३० ग्रॅम मीठ, हळद, आवडेल तेवढं तिखट, उरलेला रस. हिंगाची फोडणी पूर्ण गार करून वर ओतायची. काचेच्या बाटलीत दाबून भरायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. दुसऱ्या दिवशी खार सुटतो, तिसऱ्या दिवशी ते उत्तम लागतं, आणि दोन-तीन आठवडे तसं राहतं. एकूण काम पाऊण तासाचं. यात कुठली गोष्ट अमराठी आहे, ते मला कोणी बोट ठेवून दाखवावं.

अमराठीवरून आठवलं. शिरका परका आहे म्हणे. चला, परकं काय काय ते काढू बाहेर. आधी मिरची काढा. ती अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरलेली. तिच्या आधी तिखटपणासाठी मिरी होती, कोकणात हिरव्या मिरीचं लोणचं अजून घालतात. मिरची काढून झाल्यावर बरणीत काय उरतं ते बघा, आणि मग शिरक्याकडे वळू. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत माडाच्या सुरेचा शिरका पिढ्यान्पिढ्या आहे, आणि त्याशिवाय कोळंबीचं बालशांव होत नाही. मुंबईतल्या पारशांच्या लग्नात गाजर आणि सुक्या मेव्याचं जे 'लगन नू अचार' वाढतात, त्यात शिरका असतो. ही माणसं कुठली? आणि पंजाबी हॉटेलात बिटाने गुलाबी झालेले छोटे शिरक्यातले कांदे टेबलावर येतात, तेव्हा मुख्य जेवण यायच्या आत दुसरी वाटी मागवणारे हात कोणाचे असतात?

त्याहून गमतीची गोष्ट बाजारच्या बाटलीची आहे. शिरक्याच्या नावाने नाक मुरडणाऱ्या घरात सहसा दुकानातून आणलेली कैरीच्या लोणच्याची बाटली असते. तिच्यामागचा बारीक मजकूर चष्मा लावून वाचावा. बहुतेक बाटल्यांवर आम्लता-नियामक म्हणून २६० हा आकडा सापडेल. २६० म्हणजे अॅसेटिक आम्ल, शिरक्यातलं आंबट ते हेच. त्याच्या शेजारी बऱ्याचदा २११ असतो, तो सोडियम बेन्झोएट. म्हणजे आकड्याच्या वेशात शिरका चालतो, नावाने आला की तो परका.

शिरका वापरणाऱ्यांनी एक मात्र ध्यानात ठेवावं, कारण परदेशी कृती डोळे मिटून उतरवून घेण्याचा आळस आपल्या बाजूलाही आहे. तिकडच्या कृतींत निम्मा शिरका, निम्मं पाणी असं प्रमाण असतं, ते पाच टक्के आम्लाचा शिरका धरून. आपल्याकडे वाण्याकडे मिळणारा पांढरा शिरका पुष्कळदा चार टक्क्यांचा असतो, आणि नियमाने तो त्याहूनही थोडा हलका असू शकतो. तेव्हा बाटलीवरचा आकडा पाहायचा आणि पाणी त्या मानाने कमी घालायचं. एक वाटी शिरक्याला अर्धी ते पाऊण वाटी पाणी, एक मोठा चमचा मीठ, साखर चवीपुरती, दोन-चार मिरीदाणे, मोहरी, एखादी हिरवी मिरची. उकळी आणून कापांवर ओतायचं, गार झालं की फ्रिजमध्ये. दोन ओळींची कृती आहे. जिला दोन ओळी लागतात ती पाककृतीच नव्हे, असंही मग म्हणणार का?

गार बाधतं, या मुद्द्यावर फार वेळ घालवणार नाही. तो मांडणाऱ्यांच्या फ्रिजमध्ये खवलेला नारळ असतो, मळलेली कणीक असते, इडलीचं पीठ असतं, कालची आमटी असते, सोललेला लसूण असतो, आणि दाराच्या कप्प्यात, हो, गेल्या वर्षीच्या लोणच्याची उरलेली बाटलीही असते. श्रावणात बरणीला वास येऊ लागला की तिला कुठे हलवतात ते सगळ्यांना माहीत आहे.

राहिले कष्ट, आणि राहिली आजी. हा मुद्दा सगळ्यात गोड आवाजात मांडला जातो आणि सगळ्यात कमी तपासला जातो. लोणच्यात कष्ट हवेत, हे म्हणणं ज्यांच्या तोंडी असतं त्यांच्यापैकी किती जणांनी दहा किलो कैरी पुसली आहे? आता तर बाजारातच कैरीवाला शेकडा भावाने फोडी करून देतो. मसाला पाकिटातून येतो, तेल पिशवीतून. म्हणजे कष्टातले कष्टाचे भाग आपण केव्हाच बाजाराला दिले आणि कष्टाचा अभिमान तेवढा घरी ठेवला. हरकत नाही, मीही फोडी करून घेते. पण मग दुसऱ्या कोणी फ्लॉवर चिरून फ्रिजमध्ये ठेवला की तिला आळशी म्हणायचा हक्क कुठून आला?

आणि आजीच्या बरणीभोवती फक्त प्रेम होतं, असं कोण सांगतं? त्या बरणीभोवती एक कडक पहारा होता. चार दिवस बाजूला बसलेल्या बाईची सावली पडली तरी लोणचं नासतं, असं सांगून घराघरांत सुनांना आणि मुलींना त्या कोपऱ्यापासून लांब ठेवलं. लोणच्याला बुरा आला की कोणाचा हात लागला याची चौकशी व्हायची, आणि ती चौकशी घरातल्या पुरुषांपर्यंत कधी पोचायची नाही. ओली पळी कोणी घातली, फोडी नीट वाळल्या होत्या का, मीठ कमी पडलं का, हे विचारायचं सोडून बाईच्या अंगाचा हिशोब मांडला जायचा. पंधरा टक्के मिठाला महिन्याचे दिवस मोजता येत नाहीत. ते आजीलाही कळत असावं, पण तिला कोणी विचारलं नाही. फ्रिजमधल्या डब्याभोवती असा पहारा उभा करायचं अजून कोणाला सुचलेलं नाही. तो घरातला कोणीही भरतो, कोणीही काढतो, शाळेतून आलेला मुलगासुद्धा. जुन्या लोणच्याच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांच्या गहिवरात हा भाग कधीच का येत नाही?

शिवाय ज्या आजीला साक्षीला उभं करतात, ती इतकी अचल होती का? तिने चूल सोडून गॅस घेतला. पाटा-वरवंटा बाजूला सारून मिक्सर घेतला. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' हे पाककृतींचं पुस्तक आलं तेव्हा तिने, किंवा तिच्या सुनेने, वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक करायला घेतला. गोदरेजने आपला भारतीय बनावटीचा फ्रिज १९५८ साली बाजारात आणला, आणि तो परवडला त्या वर्षी तिने तो हौसेने हार घालून घरात घेतला असेल. तिच्या हाती तो तिशीतच आला असता तरीही दरवर्षी गच्चीवर चढून कावळे हाकत बसण्याची तिला हौस राहिली असती, असं समजणं हा तिचा अपमान आहे.

विरोधकांचा एकच मुद्दा मला गंभीर वाटतो, आणि तो ते नेमका मांडत नाहीत, कारण त्यासाठी थोडं वाचावं लागतं. कमी मिठाचं लोणचं खरोखर सांभाळावं लागतं. जपानमध्ये 'असाझुके' म्हणून रात्रभरात मुरणारी हलकी लोणची फार चालतात. २०१२ च्या ऑगस्टमध्ये होक्काइदोत एका कारखान्यात बनलेल्या कोबीच्या असाझुकेतून ई-कोलाय जंतू पसरले आणि आठ जण दगावले. तिथे भाजी नीट निर्जंतुक झाली नव्हती आणि थोड्याशा मिठाला ते जंतू बधले नाहीत. लिस्टेरियासारखे काही जंतू तर थंडीतही हळूहळू वाढतात. सोललेला लसूण नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवला तर त्यात बोट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं. तेव्हा भाजी धुवायची, बाटली उकळत्या पाण्याने धुऊन कोरडी करायची, लिंबू किंवा शिरका हात राखून घालायचा नाही, फ्रिज चार अंशांच्या आत ठेवायचा, आणि बाटलीवर तारीख लिहायची. वीज दिवसभर गेली, वास बदलला, तर टाकून द्यायचं. या पाच-सहा गोष्टी दहावीतल्या मुलाला समजतात. आणि बरणीच्या बाजूला काय स्थिती आहे? वरची बुरशी पळीने काढून टाकायची, खालचं ढवळायचं आणि 'काही होत नाही' म्हणायचं, ही ती पवित्र पद्धत. बुरशीचे धागे आणि त्यांची विषं पळीपुरती वरच थांबतात, असं या लोकांना कोणी सांगितलं?

या सगळ्यातून बरणी फोडा असा अर्थ काढणारे निघतीलच. काढोत. तेलातली मुरलेली कैरी मी खाते आणि ती मला आवडते. पण दोन खोल्यांच्या घरात, जिथे ऊन खिडकीच्या गजाएवढं येतं आणि जेवणारी माणसं तीन आहेत, तिथे दहा किलोची बरणी ही चवीची गरज नसते. ती प्रतिष्ठेची गरज असते. वर्षाअखेर तिचा तळ खरवडताना घरातलं सगळ्यात समंजस माणूस कंटाळून तोंड वाकडं करतं आणि बोलत नाही. त्याच घरात पौषात ओली हळद, माघात मटार-गाजर, फाल्गुनात कोवळी मिरची, चैत्रात तक्कू, आषाढात मुळा-काकडी, कार्तिकात आवळा असं दर महिन्याला एक बाटली फिरती राहिली, तर वर्षात एका चवीऐवजी डझनभर चवी पोटात जातात. बरणीने आपल्याला एका ऋतूचं लोणचं बारा महिने दिलं. फ्रिज बारा महिन्यांची लोणची देतो. यातली श्रीमंत परंपरा कोणती, हे सांगायला पाकशास्त्र लागत नाही.

तेव्हा 'झटपट लोणचं', 'सॅलडसारखं लोणचं', 'लोणचंच, पण फ्रिजमधलं' ही ओशाळवाणी उपपदं आता पुरे झाली. पाहुण्यांपुढे वाढताना 'हे आपलं असंच केलंय हं' असं म्हणणंही पुरे. ज्याला मीठ लागलं, आंबट लागलं, तिखट लागलं, ज्याला खार सुटला आणि जे पानाच्या डाव्या बाजूला बसून वरणभाताला चव आणतं, ते लोणचं. ते तीन दिवसांत संपलं तरी लोणचंच, आणि तीन दिवसांत संपलं याचा अर्थ ते चांगलं झालं होतं.